माशाला माशी : कॅट्सकिलच्या डोंगरनद्यांची गोष्ट

आजचा एपिसोड मासेमारीवर आहे, पण त्यात जाळं नाही, होडी नाही, गळाला लावायला गांडूळसुद्धा नाही. आहे ती फक्त एक खोटी माशी. कोंबड्याच्या मानेची पिसं, मोरपिसाचा एखादा तंतू, बदकाची दोन-चार पिसं आणि रेशमाचा धागा, एवढ्यावर बांधलेली. बोटाच्या नखावर मावेल एवढीच. ती पाण्यावर अशी सोडायची की ट्राउटला वाटावं, खरा किडाच वाहत आलाय. यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात.

रील्समध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. धुकं, देवदार, कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला एकटा माणूस, आणि खाली 'निसर्गाशी एकरूप' छापाचं कॅप्शन. मला नेमकी त्या कॅप्शनच्या मागची गोष्ट सांगायची आहे. कारण अमेरिकेत हा खेळ ज्या डोंगरनद्यांवर मोठा झाला, त्या नद्या त्याआधीच माणसानं नासवून ठेवल्या होत्या. जंगल चामड्याच्या धंद्यात गेलं होतं. मासा जर्मनीहून आला होता. तंत्र इंग्लंडहून आलं होतं. तिथलं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं, अपवाद एकच, दगडांखाली राहणारे किडे. आणि शेवटी सगळ्यांना त्या किड्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या.

तर जागा आहे कॅट्सकिल. न्यूयॉर्क शहरापासून साधारण दीडशे किलोमीटरवर, वायव्येला असलेले डोंगर. उंची फार नाही, पण जंगल दाट आणि नद्या भरपूर. बीव्हरकिल, विलोविमॉक, इसोपस, स्कोहॅरी, नेव्हरसिंक. यातला 'किल' म्हणजे मारणे नव्हे हं. इंग्रजांच्या आधी इथे डच लोक होते, त्यांच्या भाषेत किल म्हणजे ओढा.

या नद्यांमध्ये मूळचा मासा होता ब्रूक ट्राउट. ठिपक्याठिपक्यांचा, पोटाला नारिंगी, देखणा. याला थंडगार पाणी लागतं. वीस डिग्री सेल्सियसच्या वर पाणी गेलं की याची तगमग सुरू. आणि पाणी थंड कोण ठेवायचं? काठावरचे हेमलॉक. (सॉक्रेटिसनं प्यायलेलं हेमलॉक ते वेगळं, ती विषारी वनस्पती. हा आपला सूचिपर्णी वृक्ष आहे, घनदाट सावलीचा.)

आता या झाडाचं दुर्दैव असं की त्याच्या सालीत टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे काय, हे कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात, तिथे हेमलॉकची साल वापरायचे. एकोणिसाव्या शतकात बुटांच्या तळव्यांना लागणारं जाड चामडं कॅट्सकिलमध्ये प्रचंड प्रमाणात तयार व्हायचं. गंमत म्हणजे कातडी तिथली नव्हतीच. ती दक्षिण अमेरिकेतून जहाजानं न्यूयॉर्कला यायची, तिथून हडसन नदीनं वर, आणि मग बैलगाड्यांनी डोंगरात. एवढा उलटा प्रवास का? कारण थोड्या कातड्यांना ढिगानं साल लागते. ढीग हलवण्यापेक्षा कातडी डोंगरात नेणं स्वस्त. शुद्ध लॉजिस्टिक्स!

झॅडॉक प्रॅट नावाच्या माणसानं स्कोहॅरीच्या काठी एवढा मोठा कारखाना उभारला की गावाचंच नाव प्रॅट्सव्हिल पडलं. साधारण वीस वर्षं तो चालला आणि आसपासची साल संपल्यावर बंद झाला. बाकीच्यांची कथा तीच. झाड पाडायचं, साल सोलायची, खोड तिथेच कुजायला सोडून पुढच्या झाडाकडे जायचं. कारखान्याची घाण ओढ्यात. शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत मोठे हेमलॉक जवळपास संपले होते. सावली गेली, ऊन थेट पाण्यावर आलं, उन्हाळ्यात नद्या तापायला लागल्या. त्यात भर म्हणून रेल्वे आली. शहरातले हौशी लोक टोपल्या घेऊन उतरायचे आणि भरून न्यायचे. ब्रूक ट्राउट तसा भोळा मासा. भडक रंगाच्या दोन-तीन बुडत्या माश्या एका दोरीला बांधून प्रवाहात सोडल्या तरी झडप घालणार. तो वरवरच्या थंड ओढ्यांपुरता उरला.

याच काळात जर्मनीहून एक पार्सल आलं. फ्रेड मॅथर हा अमेरिकन मत्स्यतज्ज्ञ १८८० मध्ये बर्लिनच्या मत्स्य प्रदर्शनाला गेला होता. तिथे त्याची ओळख बॅरन फॉन बेअर यांच्याशी झाली, आणि युरोपचा ब्राउन ट्राउट त्याच्या मनात भरला. फेब्रुवारी १८८३ मध्ये 'वेरा' नावाच्या आगबोटीतून ८०,००० अंडी न्यूयॉर्कला पोहोचली. पुढच्या काही वर्षांत हा मासा अमेरिकेच्या नद्यांमध्ये पसरला. ब्राउन ट्राउटचा हा पसारा तेव्हा जगभर चालू होता. आपल्या काश्मीरच्या नद्यांमध्येसुद्धा तो साधारण १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनीच आणून सोडला.

कॅट्सकिलमध्ये सुरुवातीला लोकांनी त्याला मनापासून शिव्या घातल्या. हा जर्मन मासा आमच्या लहान माशांना खातो, चवीला बरा नाही, आणि मुख्य म्हणजे पकडताच येत नाही! ही शेवटची तक्रार खरी होती. ब्राउन ट्राउट जरा कोमट पाणीही सोसतो, म्हणून तो टिकला. पण तो संशयी आहे. भडक बुडती माशी दिसली की हा दगडाआड. याला पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे खरे किडे एकेक करून टिपायला आवडतं. म्हणजे जुनं हत्यार चालेना आणि नवं हत्यार कुणाकडे नव्हतं.

हत्यार होतं इंग्लंडमध्ये. फ्रेडरिक हॅलफर्ड या माणसानं १८८६ मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधायच्या यावर एक पुस्तक काढलं, आणि १८८९ मध्ये दुसरं, कोरड्या माशीच्या मासेमारीचं सगळं शास्त्र आणि नियम सांगणारं. 'ड्राय फ्लाय' हा प्रकार त्यानं अगदी धर्मासारखा मांडला. आधी नदीकाठी उभं राहून बघायचं. मासा वर येऊन किडा खाताना दिसला पाहिजे. किडा कोणता ते ओळखायचं. त्याचीच हुबेहूब नक्कल दोरीला लावायची, आणि माशाच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या दिशेनं, एकदाच अलगद टाकायची.

आता थिओडोर गॉर्डन. जन्म १८५४, पिट्सबर्ग. तब्येतीनं नाजूक, क्षयानं ग्रासलेला. आयुष्याची शेवटची वर्षं त्यानं नेव्हरसिंक नदीच्या काठी जवळपास एकट्यानं काढली. माश्या बांधून विकायचा आणि लंडनच्या व न्यूयॉर्कच्या मासेमारीच्या नियतकालिकांत टिपणं लिहायचा. स्वतःचं पुस्तक त्यानं काढलं नाही. त्याची टिपणं आणि पत्रं १९४७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, पुस्तकरूपात आली. त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे, नदीत मासे पकडताना, सोबत लांब स्कर्टमधली एक तरुणी. ती कोण, हे आजवर कळलेलं नाही.

या गॉर्डननं हॅलफर्डला पत्र लिहिलं. १८९० च्या फेब्रुवारीत उत्तर आलं, आणि पत्रासोबत कागदाला टोचलेल्या नमुन्याच्या माश्या! अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंगच्या इतिहासात या पाकिटाला जवळपास देव्हाऱ्यात बसवलंय. गॉर्डनला 'अमेरिकन ड्राय फ्लायचा जनक' म्हणतात ते यामुळेच. माझ्या मते ही पदवी जरा सैल आहे. थॅडियस नॉरिस यांच्या १८६४ च्या पुस्तकातही माशी कोरडी ठेवून टाकण्याचा उल्लेख आहे. गॉर्डनचं खरं काम पाकीट मिळाल्यानंतरचं आहे: या माश्या इथे चालणार नाहीत, हे त्यानं ओळखलं.

का चालणार नाहीत? आधी पाणी बघू. हॅलफर्डच्या नद्या, टेस्ट आणि इचेन, खडूच्या दगडाच्या प्रदेशातल्या. पाऊस खडूत मुरतो आणि झऱ्यांमधून वर्षभर सावकाश बाहेर येतो. पाणी आरशासारखं, संथ, तापमान फारसं न हलणारं. तिथे माशी टाकली की ती टेबलावर ठेवल्यासारखी बसते. कॅट्सकिलच्या नद्या म्हणजे दगडधोंड्यांवरून उड्या मारणारं पाणी. पाऊस पडला की गढूळ लोंढा, महिन्याभरानं गुडघाभर. हॅलफर्डची नाजूक माशी तिथे पहिल्याच लाटेत गटांगळी खाते. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड उत्तम होतं, एन्व्हायर्नमेंट वेगळं होतं.

आणि दुसरं, किडे वेगळे. इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळी गोष्ट या किड्यांवर उभी आहे.

ट्राउटचं मुख्य खाणं म्हणजे मेफ्लाय हा कीटक. याचं जवळपास सगळं आयुष्य पाण्याखाली जातं, निम्फ या अवस्थेत, दगडांना चिकटून. अनेक जातींमध्ये हा काळ वर्षभराचा असतो. मग एके दिवशी तो पृष्ठभागाकडे निघतो, कात टाकतो, आणि धुरकट पंखांचा किडा होऊन पाण्यावर बसतो. या अवस्थेला मासेमार 'डन' म्हणतात. पंख वाळेपर्यंत तो तसाच वाहत राहतो, अगदी छोट्या शिडाच्या होडीसारखा. ट्राउटची मेजवानी तेव्हाच. वाचला तर झाडावर जाऊन पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर परत कात टाकणारा कीटक या एकाच गणात सापडतो! मग काचेसारख्या स्वच्छ पंखांनी हवेत नाच, मीलन, पाण्यावर अंडी, आणि मरण. पंखवाल्या अवस्थेत तो काही खातच नाही, तोंड निकामी असतं. सगळं मिळून एक-दोन दिवस.

एकाच जातीचे हजारो किडे एकाच वेळी वर येतात, त्याला 'हॅच' म्हणतात. शब्द फसवा आहे, इथे अंडी फुटत नसतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे थवे येतात, तसंच काहीसं. त्यांना इशारा पावसाचा, तर मेफ्लायला इशारा मुख्यतः पाण्याच्या तापमानाचा.

कॅट्सकिलमध्ये वसंतातला पहिला मोठा मेफ्लाय म्हणजे एपिओरस प्ल्युरालिस. एप्रिलच्या मध्यापासून पुढे, पाणी साधारण १० डिग्री सेल्सियसला टेकलं की दुपारी निघतो. याला सर्वांत वेगवान, सर्वांत स्वच्छ, हवा मिसळलेलं पाणी लागतं; घाण किंवा गरम पाणी याला अजिबात चालत नाही. आणि याची एक खास सवय आहे. बाकीचे बहुतेक मेफ्लाय पृष्ठभागावर येऊन कात टाकतात. हा नदीच्या तळाशीच टाकतो आणि पंख घेऊन पाण्यातून वर येतो. हॅलफर्डच्या पाकिटात याची नक्कल नव्हती.

गॉर्डननं बांधलेली त्याची सर्वांत प्रसिद्ध माशी, क्विल गॉर्डन, आज याच किड्याची नक्कल मानली जाते. मोरपिसाच्या डोळ्यातला एक तंतू घ्यायचा, त्यावरची लव नखानं खरवडायची. उरते ती अर्धी गडद, अर्धी फिकट बारीक पट्टी. ती हुकाच्या दांडीवर गुंडाळली की किड्याच्या पोटावरची वलयं तयार. पंख वुड डक या बदकाच्या कुशीच्या पट्टेदार पिसांचे, उभे. आणि मानेभोवती निळसर राखाडी कोंबड्याची कडक, चकाकती पिसं, तीही मोजकी. या कडक पिसांच्या टोकांवर माशी जणू चवड्यांवर उभी राहते, म्हणून उसळत्या पाण्यातही तरंगते. शेपूटही ताठ. एवढंच. फालतू एक वेढा जास्त नाही. पुढे 'कॅट्सकिल शैली' म्हणून जी ओळखली गेली ती हीच, सडपातळ आणि कमी पिसांची. तिची बारीक अंगकाठी सौंदर्यासाठी नव्हती, खऱ्या किड्याचीच अंगकाठी बारीक होती.

माशी जमली, तरी टाकायची कशी हा प्रश्न उरतोच. फ्लाय फिशिंगमध्ये वजन माशीला नसतं, दोरीला असतं. जड दोरी मागेपुढे झुलवून तिच्या जोरावर माशी फेकायची. पण दोरी पाण्यावर पडली की प्रवाह तिला ओढतो. तुमच्या आणि माशीच्या मध्ये वेगवान धार असेल तर दोरी आधी वाहते, माशीला फरफटत नेते, आणि पाण्यावर रेघ उमटते. याला 'ड्रॅग' म्हणतात. ब्राउन ट्राउट ती रेघ बघून तोंड फिरवतो, कारण खरा किडा प्रवाहाविरुद्ध तिरका धावत नाही. संथ नदीत एक धार सांभाळायची. डोंगरनदीत पाच हातांच्या अंतरात चार धारा, चार वेगांच्या. म्हणून जवळ जायचं, दोरी आखूड, काठी उंच, आणि माशी दगडामागच्या शांत थाळीएवढ्या जागेत. तिथे तिला दोन-तीन सेकंद मोकळं वाहू द्यायचं. बस.

जॉर्ज लाब्रांश यांनी १९१४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. नावच 'कोरडी माशी आणि वेगवान पाणी' अशा अर्थाचं. त्यांनी हॅलफर्डचा पहिला नियम सरळ मोडला. खळाळत्या पाण्यात मासा वर येताना दिसणारच नाही, तर वाट कसली बघता? मासा असेल अशा जागी तीच माशी पुन्हा पुन्हा टाका, दहा वेळा, वीस वेळा. खाली बसलेल्या माशाला वाटेल वर हॅच सुरू झाली! खोटी हॅच तयार करायची ही कल्पना मला हॅलफर्डच्या सगळ्या शिस्तीपेक्षा जास्त आवडते.

गॉर्डन १ मे १९१५ रोजी गेला. वर्षभरानं, १९१६ मध्ये, त्याच्याकडून शिकलेला रॉय स्टीनरॉड हा लिबर्टी गावचा पोस्टमास्तर मित्रासोबत बीव्हरकिलवर होता. अचानक किड्यांची मोठी हॅच आली. त्यानं तो किडा बघून माशी बांधली आणि मित्राचं नाव दिलं, हेंड्रिक्सन. आता गंमत बघा: लोक आता त्या खऱ्या किड्यालाच हेंड्रिक्सन म्हणतात. नकलेचं नाव अस्सलाला!

पण बांधणीचं ज्ञान कुणी सहज वाटत नव्हतं. रूब क्रॉस हा पुढच्या पिढीतला नावाजलेला कारागीर. रॉस्को गावच्या वॉल्ट डेटीनं त्याला पैसे देऊ केले, शिकव म्हणून. क्रॉसनं उडवून लावलं. मग वॉल्ट, त्याची बायको विनी आणि मित्र हॅरी डार्बी यांनी क्रॉसच्याच माश्या मिळवल्या आणि धागा वेढा-वेढा करून उलटा सोडवला. कोणतं पीस आधी, किती वेढे, गाठ कुठे. रिव्हर्स इंजिनिअरिंगच की! डेटी आणि डार्बी ही पुढे कॅट्सकिलची सर्वांत मानाची घराणी झाली, आणि दोन्हीकडे बायका नवऱ्यांच्या बरोबरीनं माश्या बांधत होत्या. विनी डेटी आणि एल्सी डार्बी ही नावं गॉर्डनएवढी का घेतली जात नाहीत, हे तुम्हीच ओळखा. हवा तो निळसर राखाडी रंग बाजारात मिळेना म्हणून हॅरी डार्बीनं त्यासाठी खास कोंबडे पाळले.

किड्यांची शास्त्रीय ओळख पटायला मात्र १९३५ उजाडलं. प्रेस्टन जेनिंग्ज यांनी त्या वर्षीच्या पुस्तकात कोणती माशी म्हणजे नेमका कोणता कीटक ते लावून दाखवलं. स्कोहॅरीच्या खोऱ्यात खानावळ-लॉज चालवणारा आर्ट फ्लिक स्वतः नदीत उतरून किडे गोळा करायचा. त्याचं खिशात मावणारं पुस्तक १९४७ मध्ये आलं, कोणता किडा कधी निघतो आणि त्यासाठी कोणती माशी, याचं. याच फ्लिकनं स्कोहॅरीच्या उघड्या काठांवर विलोची रोपं लावली, वर्षानुवर्षं. प्रॅटच्या कारखान्यानं ज्या नदीची सावली काढली, तीच ही नदी.

आणि नेव्हरसिंक? न्यूयॉर्क शहराची तहान वाढत होती. १९४१ मध्ये नेव्हरसिंकवर धरणाचं काम सुरू झालं, युद्धामुळे मध्ये थांबलं, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी भरायला लागलं. नेव्हरसिंक नावाचं गाव त्यात बुडालं. इंग्रजीत त्या नावाचा अर्थ 'कधीच न बुडणारं' असा लागतो. (मूळ शब्द तिथल्या आदिवासींचा आहे, बुडण्याशी त्याचा संबंध नाही, पण विनोद व्हायचा तो झालाच.) गॉर्डन ज्या डोहांवर उभा राहायचा त्यातले कितीतरी आज जलाशयाच्या तळाशी आहेत.

धरणाखाली मात्र वेगळंच घडलं. जलाशयाच्या खोल थरातलं पाणी भर उन्हाळ्यातही थंड असतं, आणि ते सोडलं की खालच्या पट्ट्यात ट्राउट तग धरतात. डेलावेअरच्या शाखांवर पुढे जी धरणं झाली, त्यांच्याखाली तर या थंड पाण्यामुळे नामांकित ट्राउट नद्या तयार झाल्या. पाणी किती सोडायचं याची चौकट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निवाड्यानं आखली. तो खटला राज्याराज्यांतल्या पाणीवाटपाचा होता, माशांचा नव्हता. त्यामुळे कॅट्सकिलचे मासेमार आजही पाणी सोडण्याच्या आकड्यांवर भांडतात, ऑगस्टमध्ये विशेष. व्हॉल्व्ह जास्त बंद ठेवला तर नदी तापते. आणि धरणाखाली हॅचच्या तारखा पंचांगासारख्या पाठ करून उपयोग नसतो. पाण्यात उतरणारा माणूस आधी खिशातून थर्मामीटर काढतो.